चौथरा, मूल आणि कॅमेरा : सार्वजनिक शिल्पावरील खेळाच्या छायाचित्राचा विचार

१

सार्वजनिक बागेतील शिल्पावर खेळणाऱ्या मुलांचे छायाचित्र ही इतकी परिचित गोष्ट आहे, की चिकित्सेचा विषय म्हणून तिच्याकडे पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. मुंबईच्या मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातला ‘म्हातारीचा बूट’ १९५२ साली उभा राहिला. तेव्हापासून महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांच्या अल्बमांत त्या बुटाच्या खिडकीतून डोकावणारे एखादे मूल हमखास सापडते. नाशिक, जळगाव, सोलापूर येथून मे महिन्याच्या सुट्टीत नातेवाइकांकडे मुंबईला गेलेली मुले राणीचा बाग, तारापोरवाला मत्स्यालय आणि हा बूट पाहून परतत. आणि त्या सहलीचा पुरावा म्हणून एक फोटो घरी येई. त्याच्या पाठीमागे शाईने मुलाचे नाव, वय आणि साल लिहिलेले असे. या फोटोंना कुणी कलाकृती म्हणत नाही आणि कुणी निव्वळ कागदपत्रही म्हणत नाही. त्यामुळे कलासमीक्षा आणि समाजशास्त्र या दोहोंच्या मधल्या पट्टीत ते दुर्लक्षित राहिले आहेत.

वस्तुतः या साध्या चित्रात तीन भिन्न व्यवहार एकत्र आलेले असतात : शिल्प, खेळ आणि छायाचित्रण. या तिन्हींचे काळाशी असलेले नाते परस्परविरोधी आहे. शिल्प टिकण्यासाठी घडवलेले असते. खेळ चालू असेपर्यंतच असतो. संपल्यावर त्याचा मागमूस उरत नाही. छायाचित्र एका क्षणाला उर्वरित काळापासून तोडते. टिकणाऱ्या वस्तूवर, न टिकणारी क्रिया, थांबवून ठेवणाऱ्या यंत्राने टिपली जाते, तेव्हा नेमके काय हाती लागते, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, आणि तो अधिक अडचणीचा आहे. तो म्हणजे, अशा चित्रातील मूल कुणाचे? फोटोच्या मागे नाव लिहिलेले मूल आणि वृत्तपत्रातल्या चित्रात ‘खेळणारी मुले’ एवढ्याच ओळखीने उरलेले मूल, यांच्यातला भेद केवळ तपशिलाचा आहे काय?

२

आरंभी काही शब्दांचा विचार करणे आवश्यक आहे. मराठीत घडवलेल्या आकृतीला मूर्ती, पुतळा, शिल्प आणि खेळणे अशी चार नावे आहेत. ती केवळ आकारावरून किंवा द्रव्यावरून ठरत नाहीत. स्पर्शाच्या नियमांवरून ठरतात. मूर्तीला स्पर्श होतो तो विधीने. कुणी, केव्हा, कोणत्या शुचिर्भूततेने स्पर्श करायचा हे ठरलेले असते. पुतळ्याला स्पर्श होतो तो जयंती-पुण्यतिथीला, हार घालण्यापुरता. वस्तुसंग्रहालयातील शिल्पाजवळ ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. खेळणे मात्र हातात आल्याशिवाय खेळणे होतच नाही. एकच लाकडी बैल कारागिराच्या दुकानात शिल्प असतो, विदर्भातल्या तान्ह्या पोळ्याला मुलाच्या हाती दोरी आली की खेळणे होतो, आणि त्याच दिवशी त्याची पूजा झाली की क्षणभर मूर्तीही होतो. आकृती तीच राहते. बदलते ते स्पर्शाचे व्याकरण.

शिल्पावर चढणारे मूल नेमका हाच बदल घडवून आणते. त्याला वर्गीकरण माहीत नसते, किंवा माहीत असून ते बाजूला सारते. मोठ्यांनी ज्याला पुतळा किंवा शिल्प म्हणून उभे केले, त्याला ते पायाने, पोटाने, हाताच्या पकडीने पारखते. कुठे पाय ठरतो, कुठे घसरतो, ऊन लागून कोणती बाजू तापते, हे ज्ञान प्रेक्षकाला मिळत नाही. ते चढणाऱ्याला मिळते. शिल्पकलेची जाणीव दृष्टीइतकीच स्पर्शाची आहे असे कलाविचारात पुष्कळदा म्हटले जाते. परंतु त्या विधानाची प्रत्यक्ष प्रचिती घेण्याची मुभा आपल्या सार्वजनिक जीवनात केवळ मुलांना, आणि तीही अपवादानेच, मिळते.

येथे रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) मांडलेल्या द्विध्रुवात्मकतेच्या कल्पनेचा उपयोग होण्यासारखा आहे. कलेच्या संकल्पनेला अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी असे दोन ध्रुव असून प्रत्यक्ष कलाव्यवहार त्यांच्या दरम्यान चालतो, असे या मांडणीचे स्थूल सूत्र सांगता येईल. कान्टप्रणीत निरपेक्ष आस्वादाची कल्पना पहिल्या ध्रुवाकडची आहे. तीत आस्वादक आणि वस्तू यांच्यामध्ये अंतर गृहीत असते. शिल्पावर चढलेले मूल हे अंतर पार पुसून टाकते. या अर्थाने त्याचे कृत्य लौकिक ध्रुवाकडचे दिसते. पण ते पूर्णपणे लौकिकही नाही. कारण दगडाच्या हत्तीवर बसून मुलाला कुठेही जायचे नसते. हायझिंगाने ‘होमो लुडेन्स’मध्ये (१९३८) खेळाची जी लक्षणे सांगितली, त्यांत व्यावहारिक हिताचा अभाव आणि स्वतःपुरती आखलेली स्थलकालाची मर्यादा ही प्रमुख आहेत. म्हणजे मूल वस्तूला स्पर्श करते, तिचा वापर करते आणि तरीही तो वापर हेतुरहित राहतो. अलौकिकतावादाला अभिप्रेत असलेली निरपेक्षता अंतर राखूनच साधते असे नाही, हे या उदाहरणावरून सूचित होते. कॅमेऱ्याचा प्रवेश मात्र ही स्थिती बदलतो. मुलाने पुसलेले अंतर छायाचित्र पुन्हा निर्माण करते. आता स्पर्शासह सगळेच केवळ पाहण्याची गोष्ट होते.

३

कोणत्या शिल्पावर मुलाने चढलेले चालते, हा प्रश्न महाराष्ट्रात तरी केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. आपल्या शहरांतील बहुसंख्य सार्वजनिक शिल्पे ही थोर पुरुषांचे पुतळे आहेत. ते चौथऱ्यावर, कठड्याच्या आत, अनेक ठिकाणी पहाऱ्यासह उभे आहेत. पुतळ्याची विटंबना हा गावे पेटवू शकणारा विषय असल्याने हा बंदोबस्त अकारण आहे असेही म्हणता येत नाही. नाशिककर कुसुमाग्रजांची ‘अखेर कमाई’ ही कविता या संदर्भात आठवणे अपरिहार्य आहे. शिवाजी, फुले, आंबेडकर, टिळक आणि गांधी यांचे पुतळे रात्री एकत्र येऊन आपापल्या वाट्याला काय आले याचा हिशेब मांडतात, अशी तिची कल्पना. समाजाने थोरांना आपापसांत वाटून घेतले, ही तिच्यातली वेदना सर्वपरिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या अंगाने तिच्याकडे पाहिल्यास एक वेगळी गोष्ट ध्यानात येते. ती अशी की, ज्या पुतळ्याला मालक आहे त्याच्या अंगावर मूल खेळू शकत नाही. मूल खेळू शकते ते ज्याच्यावर कुणाचा हक्क नाही अशा आकृतीवर. म्हणून आपल्या बागांतून मुलांच्या वाट्याला हत्ती, कासव, मगर, जिराफ, सोंडेची घसरगुंडी, फार तर एखादी निवृत्त तोफ येते. प्राण्याला जात नसते, हेच त्याचे येथील भांडवल.

मुंबईच्या ‘काळ्या घोड्या’चा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढील काळातील सातव्या एडवर्डचा, जोसेफ एडगर बोएम याने घडवलेला अश्वारूढ पुतळा १८७९ साली अल्बर्ट ससून याच्या देणगीतून उभा राहिला. १९६५ मध्ये तो हलवून पुढे राणीच्या बागेत नेण्यात आला. पण लोकांनी त्या जागेला नाव दिले ते स्वाराचे नव्हे, घोड्याचे. राजपुत्र बसलेला असतानाही लोकांनी घोडाच पाहिला. २०१७ साली त्या परिसरात नवा घोडा बसवला गेला, तो स्वाराविनाच. ज्या दृष्टीने हे नामकरण झाले ती बालदृष्टीहून फार वेगळी नाही. मूलही अश्वारूढ पुतळ्याकडे पाहताना आधी घोडा पाहते. कोण बसले आहे हा प्रश्न त्याला नंतर, शाळेत गेल्यावर, पडतो. सत्तेने उभारलेल्या आकृतीतून सत्ता वजा करून आकृती तेवढी ठेवणे, हे काम लोकभाषेने एका शब्दात केले. मूल ते रोज, न बोलता करते.

यावरून बालकांच्या खेळाला राजकीय बंडाचे रूप देण्याचे कारण नाही. मुलाला पुतळ्याचा अधिक्षेप करायचा नसतो, तसाच गौरवही करायचा नसतो. ते त्या दोहोंच्या अलीकडे असते. मात्र त्याचे छायाचित्र अलीकडे राहू शकत नाही. ते मोठ्यांच्या जगात पोहोचते आणि तेथे त्याला अर्थ चिकटतात.

४

नाशिकमध्ये या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण बागेत नाही, नदीत आहे. रामकुंडाच्या परिसरात गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही एकाच वेळी मूर्ती आहे, सार्वजनिक शिल्प आहे आणि पूरमापकही आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की शहरात पहिला प्रश्न विचारला जातो तो मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले, हा. पायाशी, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याशी, अशी ही मोजणी चालते. क्युसेकचे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात. परंतु नाशिककराला पूर कळतो तो या अंगमोजणीने. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे मोठे पूर शहराच्या स्मरणात राहिले आहेत ते बहुतांशी अशाच खुणांच्या आधारे. नारोशंकराच्या देवळाची घंटा ही अशीच दुसरी खूण. मानवी आकृतीचा उपयोग मोजपट्टी म्हणून करावा, आणि ती आकृती देवाचीही असावी, हा योग विरळाच.

या मारुतीचे छायाचित्र दरवर्षी नव्याने छापले जाते. त्याचा एक ठराविक साचा तयार झाला आहे. तांबूस मातकट पाणी, त्यातून वर आलेला शेंदरी देह, मागे पूल आणि पुलावरची गर्दी. आणि अनेकदा या चौकटीच्या कडेला, पाण्यात सूर मारणारी वा घाटाच्या पायऱ्यांवरून उडी घेण्याच्या बेतात असलेली मुले. पूर नसतानाही रामकुंड व गांधी तलावाच्या आसपास पोहणारी, भाविकांनी टाकलेली नाणी पात्रात शोधणारी मुले असतातच, आणि यात्रेकरूंच्या कॅमेऱ्यांत तीही जातात. कुंभमेळ्याच्या काळात जगभरचे छायाचित्रकार येथे येतात, तेव्हा तर या मुलांची चित्रे किती दूरवर पोहोचत असतील याची गणना करणे शक्य नाही.

या चित्रप्रकाराची बांधणी पाहिली तर मूल त्यात दोन कामे करते. एक म्हणजे ते प्रमाण दाखवते. मारुती किती बुडाला हे कळण्यासाठी शेजारी एक जिवंत देह लागतो. दुसरे म्हणजे ते चित्राचा भाव ठरवते. मूल नसेल तर तेच दृश्य आपत्तीचे होते. मूल उडी मारताना दिसले की ते उत्साहाचे होते. भीषणतेला सुसह्य करण्याचे काम मुलाच्या शरीराकडे सोपवलेले असते. पण हे काम करणाऱ्या मुलाला चित्राखालच्या ओळीत नाव नसते. ‘पुराच्या पाण्यात मनमुराद डुंबणारी मुले’ अशा स्वरूपाच्या ओळीत त्याचे अनेकवचन झालेले असते. म्हातारीच्या बुटातून डोकावणाऱ्या मुलाच्या फोटोमागे त्याचे नाव, वय आणि साल लिहिलेले असते. तो फोटो त्याच्या घरात राहतो, आणि पुढे ते मूल मोठे झाल्यावर त्याच्या मुलांना दाखवला जातो. घाटावरच्या मुलाचा फोटो हजारो घरांत पोहोचतो. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र तो पोहोचेलच असे नाही. दोन्ही मुले खेळतच होती. एका खेळाचा कुटुंबाच्या स्मृतीत समावेश झाला, दुसऱ्याचा शहराच्या दृश्यात. पहिले मूल चित्राचा विषय आहे. दुसरे चित्राची सामग्री आहे.

सुझन सोंटॅगने ‘ऑन फोटोग्राफी’मध्ये (१९७७) छायाचित्रणात एक प्रकारची हस्तगत करण्याची वृत्ती असते असे प्रतिपादन केले होते. तो आरोप सरसकट स्वीकारण्याचे कारण नाही. अल्बमातला फोटोही हस्तगतच केलेला असतो, पण तेथे हस्तगत करणारा आणि होणारा यांच्यात नाते असते आणि फोटो त्या नात्याकडे परत येतो. म्हणून प्रश्न केवळ फोटो काढण्याचा नसून तो कुठे परत जातो याचा आहे. या मुद्द्याची दखल कायद्याने काही अंशी घेतली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिच्या विदेच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातलेली आहे. वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी होणारा वापर मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. कायद्याची भाषा संमतीची असते आणि ती पालकांकडे वळते. समीक्षेला विचारावा लागणारा प्रश्न त्याहून निराळा आहे. तो असा की, या चित्रात मुलाला काय म्हणून उभे केले आहे?

५

शिल्पित आकृतीवर खेळणाऱ्या मुलाकडे कॅमेरा वळवण्याची एक जुनी घटना नाशिकच्याच इतिहासात सापडते. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे चित्रपटांकडे वळण्यापूर्वी छायाचित्रणाचा व्यवसाय करत होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये त्यांनी मुलगा भालचंद्र याला रोहिदासाच्या भूमिकेत उभे केले. पुढे नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीसाठी त्यांनी केलेल्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. या चित्रपटाचा बराचसा भाग आज उपलब्ध आहे.

त्या चित्रपटाच्या प्रारंभाची रचना येथे महत्त्वाची ठरते. कथा सुरू होण्यापूर्वी, सात वर्षांच्या एका मुलीच्या मुद्राभिनयाचा हा नमुना आहे असे सांगून मंदाकिनीचा चेहरा जवळून दाखवला जातो. चेहऱ्यावर एकामागून एक भाव येतात आणि मग त्या चेहऱ्याचा कृष्ण होतो. म्हणजे प्रेक्षकाला आधी मुलगी भेटते, नंतर देव. पुढे जेव्हा कृष्ण यमुनेत उडी घेतो आणि कालियाशी झुंजून त्याच्या फण्यावर नाचतो, तेव्हा प्रेक्षकाला दोन्ही गोष्टी ठाऊक असतात : ही भगवंताची लीला आहे, आणि ही एक लहान मुलगी घडवलेल्या सापावर खेळते आहे. ‘लीला’ हा शब्द आपल्या परंपरेने प्रयोजनाविना होणाऱ्या दैवी क्रियेसाठी वापरला; ‘खेळ’ हा शब्द तशाच प्रयोजनशून्य मानवी क्रियेसाठी. फाळक्यांच्या प्रारंभीच्या दृश्याने या दोन शब्दांमधला सांधा उघडा ठेवला.

अर्थात मंदाकिनी खेळत नव्हती. ती काम करत होती. वडिलांच्या कॅमेऱ्यापुढे, सांगितले तसे, वेळेवर. या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून चित्रपटाला निरागसतेचा दस्तऐवज ठरवणे चुकीचे होईल. परंतु नेमके याच कारणाने तो अधिक प्रामाणिक वाटतो. मुलीचा अभिनय हा अभिनय आहे हे तो लपवत नाही. उलट तेच आधी सांगतो. खेळाचे छायाचित्र बहुधा याच्या उलट करते. त्यात मुलाला थांबवले, वळवले, हसायला सांगितले असते आणि तरीही ते ‘खेळत असताना’ टिपले असा दावा असतो.

६

हा दावा नीट तपासण्यासारखा आहे. आपल्याला पाहिले जात आहे याची जाणीव होताच माणूस आपले दुसरे शरीर घडवू लागतो, आपले आगाऊच चित्रात रूपांतर करतो, या आशयाचे निरीक्षण रोलाँ बार्थ याने आपल्या छायाचित्रविषयक शेवटच्या पुस्तकात (१९८०) नोंदवले. मुलाच्या बाबतीत या प्रक्रियेला आरंभ करून देणारा एक ठराविक उद्‌गार आहे : “इकडे बघ!” या दोन शब्दांनी खेळ थांबतो. बुटाच्या आतल्या जिन्यावरून धावत वर चाललेले मूल खिडकीशी येऊन उभे राहते, हात हलवते आणि बटण दाबले गेले की पुन्हा धावू लागते. फोटोत उरते ते धावणे नव्हे. दोन धावण्यांच्या मधला विराम उरतो. बुटाची रचना या विरामाला अनुकूल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरील खिडकी ही मुलासाठी बाहेर पाहण्याची जागा आहे, पण खाली उभ्या असलेल्या पालकासाठी ती चौकट आहे. शिल्प येथे खेळाचे साधन आणि फोटोची चौकट अशी दुहेरी भूमिका निभावते. त्याची लोकप्रियता या दुहेरीपणातही असावी.

खेळ आणि विराम यांचे नाते किती टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण म्हणून एमान्युइल एव्हझेरिखिन याने १९४२ च्या ऑगस्टमध्ये स्टालिनग्राड येथे घेतलेल्या छायाचित्राकडे पाहता येईल. रेल्वेस्थानकापुढील कारंज्यात मगरीभोवती हात धरून फेर धरलेली सहा मुले आहेत. मागे बाँबफेकीने जळणाऱ्या इमारती आहेत. मुले शिल्पातली आहेत, चुकोव्हस्कीच्या एका बालकवितेवर आधारलेली. येथे मूल शिल्पावर खेळत नाही. शिल्पच मुलांचा खेळ आहे. दगडी मुलांना ‘इकडे बघ’ म्हणता येत नाही आणि ‘पळा’ही म्हणता येत नाही. त्यांचा फेर थांबत नाही, कारण तो कधी सुरूच झालेला नव्हता. पाहणाऱ्याच्या मनात मात्र एकच प्रश्न उभा राहतो : खरी मुले कुठे आहेत? चित्रातील खेळाची आकृती अभंग राहिल्यामुळेच खेळणाऱ्यांची अनुपस्थिती जाणवते.

दुतोंड्या मारुतीच्या चित्राशी याची तुलना केल्यास दोन्ही ठिकाणी संकटाच्या पार्श्वभूमीवर खेळाची आकृती आहे. स्टालिनग्राडच्या चित्रात ती आकृती संकटाची तीव्रता वाढवते. नाशिकच्या चित्रात ती कमी करते. एका चित्रात दगडी मुले खऱ्या मुलांची आठवण करून देतात. दुसऱ्यात खरी मुले दृश्याचा इतकी भाग होतात की त्यांची आठवणच होत नाही. पुराच्या पाण्यातली उडी जिवावर बेतू शकते, पाण्याबरोबर काय वाहत येते हे उडी घेणाऱ्याला दिसत नाही, ही गोष्ट त्या आनंदी चित्रात कुठेच नसते. जिवंत मूल दगडी मुलापेक्षा अधिक दुर्लक्षित राहावे, ही या चित्रप्रकाराची मर्यादा आहे, आणि ती छायाचित्रकाराच्या कौशल्याने भरून निघणारी नाही.

७

शिल्प आधी आणि फोटो नंतर, हा क्रम अलीकडच्या काळात उलटला आहे. मोबाईलमध्ये कॅमेरा आल्यापासून शहरोशहरी ‘सेल्फी पॉइंट’ उभे राहिले. शहराच्या नावाची माणसाच्या उंचीची अक्षरे, पंखांची चित्रे, रोषणाईची हृदये, ही सारी फोटोसाठीच घडवलेली असतात. त्यांना बाजू एकच, समोरची. मागून ती पत्र्याची आणि लोखंडी सांगाड्याची असतात. शिल्पाला सर्व बाजूंनी फिरून पाहता यावे ही अपेक्षा येथे रद्द होते. पण अशा अक्षरांपाशीही मुले काही वेळाने मागच्या बाजूला जातात, सांगाड्याला लोंबकळतात, एखाद्या अक्षराच्या पोकळीत बसतात. पालकांच्या फोटोसाठी त्यांना पुन्हा समोर आणावे लागते. चपटी केलेली वस्तू मुले आपल्या अंगाने पुन्हा घन करतात, आणि फोटो तिला पुन्हा चपटी करतो.

आधुनिक शिल्पकारांनी आणि वास्तुविशारदांनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. इसामु नोगुची याने १९३३ मध्येच चढून खेळता येईल अशा डोंगराची कल्पना न्यूयॉर्कसाठी मांडली होती. ती नाकारली गेली आणि तिच्या जातीचे काम त्याच्या मृत्यूनंतर, २००५ साली पूर्ण झालेल्या सापोरोच्या मोएरेनुमा उद्यानात दिसले. आल्डो व्हान आइक याने १९४७ पासून आम्स्टरडॅममध्ये सातशेहून अधिक क्रीडांगणे आखली. त्यांत प्राण्यांच्या आकृत्या त्याने टाळल्या. वाळूचा खड्डा, कमानी, ठोकळे असे निर्नाम आकार ठेवले. हत्तीच्या आकारावर मूल हत्तीचाच खेळ खेळेल, निर्नाम आकारावर काहीही खेळू शकेल, अशी त्यामागची धारणा सांगता येते. ही धारणा मराठी मुलांच्या अनुभवाशी कितपत जुळते याविषयी शंका घेता येईल. सोंडेच्या घसरगुंडीवर मूल क्वचितच हत्तीचा खेळ खेळते; त्याच्यासाठी तो किल्ला असतो, आगगाडी असते, दिवाळीत स्वतः केलेल्या मातीच्या किल्ल्याचा मोठा भाऊ असतो. आकाराचे नाव मुलाला बांधत नाही. मोठ्यांनाच ते बांधते, आणि फोटोला सर्वांत अधिक बांधते. कारण फोटोत हत्तीवर बसलेले मूल हे हत्तीवर बसलेले मूलच राहते, त्या क्षणी ते किल्लेदार होते हे चित्रात येत नाही.

एवढ्या विवेचनावरून अशा छायाचित्राच्या मूल्यमापनाच्या काही कसोट्या पुढे येतात. कॅमेरा कोणत्या उंचीवर आहे, ही पहिली. उभ्या प्रौढाच्या डोळ्यांतून घेतलेले चित्र मुलाला खाली आणि शिल्पाला मागे ढकलते. मुलाच्या उंचीवरून घेतलेले चित्र चढणे किती अवघड होते हे तरी सांगते. शिल्प पार्श्वभूमी आहे की खेळगडी, ही दुसरी. मुलाचे हातपाय वस्तूशी काय करत आहेत हे दिसत नसेल, तर ते शिल्पावरील खेळाचे चित्र नसून शिल्पापुढील मुलाचे चित्र आहे. आणि तिसरी कसोटी चित्राच्या बाहेरची आहे, तरीही ती टाळता येत नाही : हे चित्र त्या मुलाकडे परत जाऊ शकते काय? जाऊ शकत नसेल, तर निदान त्याच्या अनामिकतेला चित्राने सौंदर्याचे कारण बनवू नये.

अलौकिकतावादी भूमिकेतून ही तिसरी कसोटी कलाबाह्य ठरवली जाईल. परंतु ज्या चित्राचा विषयच स्पर्श आहे, त्याच्या बाबतीत अंतराचे तत्त्व अंतिम मानणे तर्कदृष्ट्याही अडचणीचे आहे. मुलाने ज्या क्षणी शिल्पावर हात ठेवला त्या क्षणी त्याने कलेची वस्तू लौकिकात आणली. ते लौकिक चित्रातून वगळण्याचा अधिकार चित्रकर्त्याकडे उरत नाही. फाळक्यांनी आधी मुलगी दाखवली आणि मग कृष्ण, यात हा विवेक होता. घाटावरच्या छायाचित्राला तो अद्याप साधायचा आहे. पूर ओसरला की मारुतीच्या अंगावर चिखलाची रेघ राहते आणि तिच्यावरून शहर त्या वर्षीचा पूर ओळखते. त्या वेळी शेजारी उडी घेणाऱ्या मुलांची तेवढीही नोंद शहराकडे असत नाही. आणि ती ठेवण्याचे साधन असलेले छायाचित्र त्यांना अजूनही अनेकवचनातच पाहते.